खण : मराठी मुलखातील लाकडी घराचे एक परिमाण

मराठी मुलखात घराचा विस्तार सांगावयाचा झाल्यास तो हातांत किंवा फुटांत न सांगता खणांत सांगण्याची चाल होती. पाच खणांचे घर, सात खणी सोपा, असे बोलले जाई. जुन्या खरेदीखतांत आणि वाटणीपत्रांतही भावाभावांत घर वाटून देताना खणच मोजलेले आढळतात. खण म्हणजे दोन तुळयांमधील अंतर. घराची लांबी अशी खणांनी सांगितली, तर त्याची खोली घईने सांगावयाची. घई म्हणजे खांबांच्या दोन ओळींमधील जागा, आणि त्यावरून सोपा एकघई की दुघई हे ठरे. लोककथांतील सातखणी माडीत हाच शब्द उभ्या दिशेने वापरलेला दिसतो. मजला हा फार्सी वळणाचा शब्द रूढ झाल्यावर खणाचा हा अर्थ मागे पडला असावा. हात, वीत, बोट ही परिमाणे माणसाच्या शरीरावरून आली. बिघा, चाहूर ही जमिनीची. खण मात्र लाकडाच्या सोशिकतेवरून आलेला आहे. अमुक जाडीची तुळई वाकल्याशिवाय किती अंतर ओलांडील, आणि तिच्यावर टाकलेली कडी किती अंतरापर्यंत माती पेलील, ह्या प्रश्नांच्या उत्तराला मराठी भाषेने खण हे नाव दिले, असे म्हणावयास हरकत नाही.

अलीकडे पारंपरिक घरांविषयी जे लिहिले जाते त्यात त्यांच्या निसर्गानुकूलतेची आणि ऊर्जाबचतीची स्तुती पुष्कळ असते. ती बरीचशी रास्तही आहे. परंतु ह्या लेखनात घर हे एकटे उभे असते. त्यातील लाकूड ज्या रानातून आले ते रान, ते तोडण्याचा अधिकार ज्याच्या हाती होता ती सत्ता, आणि ते वाहून आणणारे बैल व माणसे ह्यांचा उल्लेख क्वचितच येतो. प्रस्तुत निबंधाचे म्हणणे असे की देशावरील लाकडी घराचे उष्णताशास्त्र आणि त्या मुलखाच्या वनांचा इतिहास हे दोन विषय वेगळे ठेवता येत नाहीत. घर थंड ठेवण्याचे काम माती करीत होती, माती पेलण्याचे काम लाकूड करीत होते, आणि लाकूड किती मिळावे हे घराबाहेर ठरत होते. ह्या तीन गोष्टींचा तोल खणात साठविलेला आहे. तो तोल कोठे व कसा बिघडला ह्याचा शोध घेतला म्हणजे १९९३ साली किल्लारी परिसरात जे घडले त्याचाही एक अर्थ लागतो.

लाकडी खांबांवर घर उभे करण्याची रीत ह्या प्रदेशात किती जुनी आहे हे इनामगावच्या उत्खननाने दाखवून दिले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ पासून १९८३ पर्यंत घोड नदीच्या काठी केलेल्या ह्या उत्खननात ताम्रपाषाणयुगीन वस्तीचे खांबांचे खळगे आणि कुडाच्या भिंतींचे अवशेष सापडले. पूर्व जोर्वे काळातील, म्हणजे इ. स. पू. १४०० ते १००० ह्या सुमाराची, घरे मोठी व चौकोनी आहेत. उत्तर जोर्वे काळात, इ. स. पू. १००० ते ७०० मध्ये, त्यांच्या जागी लहान गोल झोपड्या दिसू लागतात. उत्खनकांनी ह्या बदलाचा संबंध वाढत्या अवर्षणाशी आणि शेतीच्या ऱ्हासाशी जोडला. त्या मतावर पुढे चर्चा झाली असली, तरी साधनसामग्री आटली की घराचा आकारच बदलतो, एवढी गोष्ट त्या खळग्यांवरून स्पष्ट होते.

ह्यानंतरचा पुरावा, गमतीची गोष्ट अशी की, दगडात आहे. भाजे येथील चैत्यगृहाचे खांब आतल्या बाजूस किंचित कललेले आहेत. दगडात कोरलेल्या खांबाला असे कलण्याचे काहीच कारण नाही. लाकडी छपराचा बाहेर ढकलणारा जोर अडविण्यासाठी सुतार खांब तसे रोवीत असत, त्याची ती नक्कल आहे. छताला बसविलेल्या अर्धवर्तुळाकार लाकडी फासळ्या तेथे आणि कार्ले येथेही पाहावयास मिळतात. कार्ल्याच्या फासळ्या सुमारे दोन हजार वर्षांच्या, तर भाज्याच्या लाकडावर ब्राह्मी अक्षरे आढळली आहेत. उन्हापावसापासून दूर, वाळवीला पोहोचता येणार नाही अशा जागी असले म्हणजे सागाचे लाकूड किती टिकते ह्याचे ह्याहून बोलके उदाहरण भारतात शोधून सापडणे कठीण. सागाच्या गाभ्यातील तैलद्रव्ये कीड व वाळवी ह्यांना रोखतात. हा गुण रसायनशास्त्राने पुढे समजावून दिला. सुतारांना तो अनुभवाने ठाऊक होता.

गरिबाच्या घरात मात्र साग क्वचितच असे. तेथे मेढ असे. मेढ म्हणजे वर दुबेळके असलेला झाडाचा बुंधा. ज्या ठिकाणी झाडाला दोन फांद्या फुटतात त्या बेचक्यातच आढे ठेवावयाचे, म्हणजे सांधा करावा लागत नाही. झाडाने वाऱ्याशी झुंजताना त्या बेचक्यात जो चिवट धाग्यांचा गुंता तयार केलेला असतो, तोच घराचा सांधा होतो. मेढेकोट ह्या शब्दात ह्याच मेढी तटाच्या रूपाने उभ्या आहेत. वाड्याच्या बांधणीत सुताराने ह्या नैसर्गिक बेचक्याची जागा हस्ताला दिली. खांबाच्या डोक्यावर दोन्ही बाजूंना हात पसरल्याप्रमाणे बसविलेले हे आडवे लाकूड तुळईला आधार देते आणि तिचे ओलांडावयाचे अंतर तेवढे कमी करते. हस्तावर पुढे केळफुले, पोपट, कमळे कोरली गेली आणि पाहणाऱ्याचे लक्ष त्या नक्षीने वेधून घेतले. पण निसर्गापासून जे खरोखर घेतले गेले ते नक्षीत नसून त्या पसरलेल्या हातात आहे.

खणाच्या घराची घडण थोडक्यात अशी. जोत्यावर दगडी उथळे बसवावयाचे, उथळ्यांवर खांब उभे करावयाचे. उथळ्यामुळे खांबाचे बूड ओलीपासून व वाळवीपासून वाचते. खांबावर हस्त, हस्तावर तुळई, तुळयांवर आडव्या कड्या, कड्यांवर बारीक लाकडांची किंवा फळ्यांची किलचण, आणि तिच्यावर मातीचा थर. माडी असेल तर हाच तिचा तळ होतो. धाब्याचे घर असेल तर हेच छप्पर. ह्या सांगाड्याभोवती मातीच्या भेंड्यांची, विटांची अथवा दगडांची जाड भिंत घालावयाची. ह्या रचनेतील मर्माची गोष्ट अशी की सांगाडा आणि भिंत ह्यांची कामे वेगळी आहेत. भार बहुतांशी खांबांवर जातो. भिंत आडोसा करते, ऊन अडविते, चोर अडविते. पुण्याच्या वाड्यांतून भिंतीतच खांब चिणलेले दिसतात, तर मराठवाड्यात पुष्कळदा ते भिंतीच्या आत थोडे सुटे उभे असतात. पण दोन्हींकडे भिंत पडली म्हणून छप्पर लगेच खाली यावे असे नाही. ह्या विधानाकडे पुढे परत यावे लागणार आहे.

आता उष्णतेचा विचार. पुण्यात एप्रिल महिन्यात दुपारचे तापमान सरासरीने ३८ अंश सेल्सिअसच्या आसपास जाते आणि पहाटे ते २० अंशांच्या जवळपास उतरते. एवढा मोठा दैनंदिन फरक असलेल्या कोरड्या हवेत जाड मातीचा उपयोग फार. सुमारे अर्धा मीटर जाडीच्या मातीच्या भिंतीतून बाहेरचा ताप आतल्या पृष्ठभागापर्यंत येण्यास दहा-बारा तास लागतात. दुपारचे ऊन माजघरात मध्यरात्रीच्या सुमारास पोहोचते, आणि त्याच वेळी बाहेरची हवा गार झालेली असते. चौकाचे कार्यही रात्रीचेच. मोकळ्या आकाशाखाली तापलेली फरसबंदी रात्री आपली उष्णता आकाशाकडे टाकते, गार झालेली जड हवा चौकात साचते, आणि सकाळी सोप्यातून आत सरकते. दिवस वर येईपर्यंत चौकाच्या एका बाजूला सावली असतेच. ह्या सर्व व्यवहारात लाकडाचा वाटा कोणता? लाकूड उष्णतेचे मंद वाहक आहे. त्याची वाहकता सुमारे ०.१५ वॅट प्रति मीटर-केल्व्हिन, भाजक्या विटेची ०.७ च्या आसपास, सिमेंट काँक्रीटची १.५ च्या आसपास, आणि पोलादाची ५० च्या आसपास धरतात. ह्या आकड्यांवरून कोणी लाकडामुळेच वाडा थंड राहतो असा निष्कर्ष काढील. तो बरोबर नाही. वाड्याच्या एकंदर आवरणात लाकडाचा पृष्ठभाग थोडा असतो. गारवा देते ती डोक्यावरची व भोवतालची माती. लाकडाचे श्रेय असे की ते त्या मातीचे ओझे डोक्यावर तोलून धरते. अर्धा मीटर जाडीच्या मातीच्या थराचे वजन दर चौरस मीटरला सुमारे ८०० किलोग्रॅम भरते. छपरावर एवढे ओझे घ्यावयाचे तर खण लहान ठेवावा लागतो, तुळया जाड लागतात, खांब पुष्कळ लागतात. म्हणजे खणाची रुंदी ठरविताना सुतार एकाच वेळी रानाचा व उन्हाचा हिशेब करीत होता.

ह्या गारव्याला माणसांची साथही लागे. मध्यरात्री भिंती आत तापू लागतात तेव्हा माणसे माजघरात नसावयाचीच. ती अंगणात, चौकात किंवा धाब्यावर अंथरुणे टाकीत. दुपारी आत, रात्री बाहेर, अशी ही घराच्या अंगाने होणारी रोजची ये-जा धरली तरच घराची ऊर्जाबचत पुरी होते. बंद खोलीत चोवीस तास बसून वाड्याच्या भिंतीकडून यंत्राचे काम मागणाऱ्यास निराशाच पदरी येईल.

शिवाय प्रत्येक गोष्टीचे श्रेय हवामानाला देण्याचा मोह आवरला पाहिजे. वाड्याच्या बाहेरच्या भिंतीत खिडक्या थोड्या व उंचावर असतात, त्यामुळे ऊन कमी येते हे खरे. परंतु अठराव्या शतकातील धामधूम आणि शतकाच्या अखेरीचे पेंढाऱ्यांचे भय लक्षात घेता त्या भिंतीचा हेतू प्रथम संरक्षणाचा होता असे मानणे अधिक सयुक्तिक. तसेच घरातील सर्वांत गार खोली ही सर्वांत काळोखी आणि पुष्कळदा सर्वांत धुरकट खोली असे, आणि तिच्यात दिवस काढणाऱ्या बहुतेक स्त्रिया होत्या. चुलीचा धूर बाहेर जाण्यास धाब्यात एक सवणे, एवढीच सोय. बाळंतिणीची खोली तर ह्याहून बंदिस्त. आणि हे सारे ज्यांच्या घरी होते ते पाटील, देशमुख, सावकार, कारभारी. गावकुसाबाहेरच्या वस्तीत सागाची तुळई असण्याचा प्रश्नच नव्हता. त्याच वस्तीतील महारांकडे गावची लाकडे फोडण्याचे काम मात्र असे. वाड्याच्या ऊर्जेचा ताळेबंद मांडावयाचा तर हे श्रमही एका बाजूस लिहिले पाहिजेत.

कोकणातील घराचा येथे ओझरताच उल्लेख करतो, कारण त्याचा हिशेब निराळा आहे. तेथे पाऊस २,५०० मिलिमीटरच्या पुढे, हवा दमट, दिवसरात्रीच्या तापमानात अंतर थोडे. अशा ठिकाणी जाड माती फारशी उपयोगी पडत नाही. उपयोगी पडते ते उतरते छप्पर, खोल पडवी आणि वाहता वारा. म्हणून तेथे माती पायाखाली व भिंतीत राहिली आणि डोक्यावर गवत अथवा कौल आले. भाराच्या दृष्टीने कोकणातील छप्पर हलके असल्यामुळे साग नसला तरी ऐन, किंजळ, फणस ह्यांवर भागत असे. देशावर तसे भागत नव्हते.

आता रानाकडे वळू. इमारती लाकडावर सत्तेची नजर असणे ही गोष्ट इंग्रजांपासून सुरू झाली, असा एक समज आहे. तो निराधार आहे हे आज्ञापत्रावरून दिसते. रामचंद्रपंत अमात्यांच्या ह्या ग्रंथात (काळ इ. स. १७१५-१६ चा सुमार) आरमाराच्या प्रकरणी लाकडाविषयी स्पष्ट धोरण सांगितले आहे. त्याचा आशय असा : साग इत्यादी झाडे राज्यातील वनांतून तोडावयाची ती हुजुराच्या परवानगीने तोडावी, अधिक लागेल ते परमुलखातून विकत आणावे, आंबा, फणस ही झाडेही आरमाराच्या उपयोगाची आहेत, तथापि त्यांना हात लावू नये, कारण ती एकदोन वर्षांत होत नाहीत आणि रयतेने ती पोटच्या पोरांप्रमाणे वाढविलेली असतात, एखादे झाड फारच जीर्ण होऊन निरुपयोगी झाले असेल, तर धन्याला राजी करून, मोल देऊन, मग तोडावे. हा उतारा पर्यावरणविषयक दूरदृष्टीचा नमुना म्हणून नेहमी सांगितला जातो. तो तसा आहेच. परंतु त्यात दुसरीही एक गोष्ट आहे, तिच्याकडे कमी लक्ष गेले आहे. साग हा राजाचा आणि आंबा-फणस रयतेचे, अशी वाटणी त्यात गृहीत धरलेली आहे. ज्या लाकडावर मोठा खण उभा राहतो ते लाकूड आरंभापासूनच परवानगीचे होते. वाडा आणि झोपडी ह्यांतील अंतर केवळ पैशाचे नव्हते. ते रानापर्यंत हात पोहोचण्याचेही होते.

पेशवेकालीन पुण्यात हा हात चांगलाच लांब झाला. शनिवारवाड्याचा पाया १० जानेवारी १७३० रोजी घातला गेला आणि १७३२ च्या जानेवारीत वास्तुशांती झाली. आरंभीच्या बांधकामाचा खर्च १६,११० रुपये सांगतात. साग जुन्नरच्या रानातून आला, चुना जेजुरीच्या बाजूचा, दगड चिंचवडचा. पुढे प्रत्येक पेशव्याने त्यात भर घातली. २७ फेब्रुवारी १८२८ रोजी लागलेल्या आगीत हा वाडा सात दिवस जळत होता, असे सांगतात. त्या सात दिवसांत जुन्नरचे किती रान जळाले, असा प्रश्न कोणी विचारल्याचे दिसत नाही. १८७९ च्या मे महिन्यात बुधवारवाडा आणि विश्रामबागवाड्याचा काही भाग आगीत सापडला. ह्या आगींचा आपल्या अभ्यासावर एक परिणाम झाला आहे. शनिवारवाड्याचे जे आज उरले आहे ते जोते, तट, दरवाजा आणि कारंजी. म्हणजे जे लाकडाचे नव्हते ते. त्यामुळे मराठी वास्तुकला म्हणजे किल्ले व दगड, ही कल्पना आपल्या मनात पक्की झाली. जे पाहावयास मिळते त्यावरून जे होते त्याचे अनुमान करताना आगीने काय नेले ह्याची आठवण ठेवावी लागते. मेणवलीचा नाना फडणिसांचा वाडा जो उभा आहे, तो अशा वेळी उपयोगी पडतो.

वाड्यांच्या भिंतींविषयी एक निरीक्षण येथेच नोंदवितो. पुष्कळ वाड्यांत वरच्या किंवा आतल्या भिंती कच्च्या विटांच्या, म्हणजे पांढऱ्या मातीच्या भेंड्यांच्या आहेत. वीट भाजावयास सरपण लागते, चुना भाजावयासही लागते. भेंडा उन्हात वाळतो. भार खांबांवर असल्यामुळे भिंत कच्ची असली तरी चाले. म्हणजे इमारती लाकडाच्या जोरावर जळाऊ लाकडाची बचत होत होती. ह्या तडजोडीची दुसरी बाजू १२ जुलै १९६१ रोजी पानशेतच्या पुरात दिसली. नदीकाठच्या पेठांतील जुन्या घरांच्या मातीच्या भिंती पाण्यात अक्षरशः विरघळल्या.

इंग्रजी अमलात लाकडाचा ओघ प्रथम समुद्राकडे वळला. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने १७३६ पासून सागाची जहाजे बांधली. १८१७ साली तेथे बांधलेले ‘त्रिंकोमाली’ हे लढाऊ जहाज इंग्लंडात हार्टलपूल येथे आजही पाण्यावर आहे. हा साग मुख्यतः मलबारचा. १८४७ साली मुंबई इलाख्यात डॉ. अलेक्झांडर गिब्सन ह्यांची वनसंरक्षक म्हणून नेमणूक झाली. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली आणि लोहमार्गाच्या स्लीपरांची मागणी सुरू झाली. १८६५ व १८७८ च्या वनकायद्यांनी राखीव जंगलांची हद्द आखली. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील असंतोषामुळे सरकारला वनविषयक चौकशीसाठी आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ सालचा. जोतीराव फुले ह्यांनी १८८३ साली लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ ह्या ग्रंथात जंगलखात्याने शेतकऱ्याचे चराऊ रान, पाने, फुले, सरपण कसे हिरावले ह्याचे वर्णन केले आहे. फुल्यांचा रोख घरबांधणीवर नाही. परंतु मेढ, वासे आणि किलचणीच्या काटक्या ज्या रानातून येत, तेच हे रान.

मोठ्या शहरांनी ह्यातून वाट काढली. दक्षिण व उत्तर ब्रह्मदेश इंग्रजांच्या ताब्यात आल्यावर (१८५२ व १८८६) तेथील साग मुंबईच्या चाळींत व बंगल्यांत आला. १८६५ साली बासल मिशनने मंगळुरास कौलांचा कारखाना काढला आणि ती चपटी, हलकी कौले किनाऱ्याने वर पसरली. लोखंडी तुळया आल्या. छप्पर हलके झाले, तेव्हा खण रुंद झाला, आणि खण रुंद झाला तेव्हा तो मोजण्याचे कारण उरले नाही. खोली फुटांत सांगू लागले. परिमाण म्हणून खणाचा अंत शहरात असा झाला.

खेड्यांत, विशेषतः मराठवाड्यात, तो झाला नाही. येथे सावधगिरीने बोलले पाहिजे. १८७८ च्या कायद्याकडे बोट दाखवून मराठवाड्यातील लाकडाची टंचाई समजावून देणे चुकीचे ठरेल, कारण १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. लातूर-उस्मानाबादचा भाग मुळातच काळ्या जमिनीचा, झाडी विरळ असलेला. बाभूळ, लिंब हीच जवळची झाडे, आणि त्यांचे लाकूड कणखर असले तरी सरळ व लांब मिळत नाही. म्हणून तेथील खण लहान आणि खांब पुष्कळ. डोक्यावर माळवद. दर वर्षी पावसाळ्यापूर्वी माळवदावर पांढरीची माती नव्याने टाकावी लागे, कारण मागच्या वर्षीच्या थराला भेगा पडलेल्या असत. नवा थर पडे, जुना काढला जात नसे. अशा रीतीने पिढ्यान्‌पिढ्या छप्पर जाड होत गेले. काही ठिकाणी ते अर्ध्या मीटरच्याही वर गेलेले होते. उन्हापासून संरक्षण दर वर्षी थोडे वाढत होते, आणि त्याच हाताने खांबावरचे ओझेही.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास किल्लारी परिसरात भूकंप झाला. त्याची तीव्रता ६.२ च्या आसपास होती. मृतांची संख्या दहा हजारांच्या जवळ पोहोचली. कोयनेच्या ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपानंतरही दख्खनच्या पठाराची स्थिरता गृहीत धरणारे पुष्कळ होते. किल्लारीनंतर दोष कोणाचा ह्याचे उत्तर दगडमातीचे घर असे एका शब्दात दिले गेले. अभियंत्यांनी केलेल्या पाहणीत मात्र चित्र अधिक बारकाईचे होते. भिंती ओबडधोबड दगडांच्या, मातीत रचलेल्या, दोन पदरी. आतला व बाहेरचा पदर जोडणारे आरपार दगड त्यांत नव्हते, मध्ये नुसता भराव. हादऱ्याने पदर फाकले आणि भिंती ढासळल्या. परंतु अनेक ठिकाणी भिंती पडूनही खणाचा लाकडी सांगाडा आणि त्यावरील माळवद उभे राहिलेले आढळले. जेथे भार खांबांवर न घेता सरळ भिंतींवर टाकलेला होता तेथे भिंतीबरोबर सारे छप्पर खाली आले.

आरंभी केलेल्या विधानाचा अर्थ येथे लागतो. सांगाडा व भिंत ह्यांची कामे वेगळी ठेवणारी जुनी रचना भूकंपासाठी योजलेली नव्हती. ती योजणाऱ्यांच्या स्मरणात भूकंप नव्हताच. तिच्यात तिरपा आधार नाही, खांब उथळ्यावर नुसता टेकलेला असतो. काश्मिरातील धज्जी-देवारीत लाकडी चौकटीला तिरपे दांडे असतात, ते येथे नाहीत. तरीही त्या रचनेने माणसांना वाचण्याची काही संधी दिली. ज्या घरांनी ती दिली नाही, त्यांत खण अपुरा किंवा अनुपस्थित होता. माती तेवढीच राहिली आणि लाकूड कमी झाले. उन्हाचा हिशेब चालू राहिला, रानाचा सुटला. लाकूड नेमके केव्हा व कोणत्या कारणाने कमी झाले, हे गावोगावच्या घरांची पाहणी केल्यावाचून सांगता येणार नाही. पण प्रश्न दगडमातीचा नसून तिच्या लाकडाशी असलेल्या प्रमाणाचा आहे, असे मानण्यास पुरेसा आधार आहे. भूकंपानंतर शासनाने घरांच्या मजबुतीसाठी सुचविलेल्या उपायांत भिंतीतून आरपार जोड घालणे आणि लाकडी चौकटीच्या कोनांना तिरपे टेकू देणे ह्यांचा समावेश होता. हे उपाय जुनी रचना नाकारणारे नाहीत, तिची उणीव भरून काढणारे आहेत. बहुसंख्य लोकांनी मात्र दगड, माती व जुने लाकूड ह्या तिघांचाही धसका घेतला, आणि ज्यांची माणसे भिंतीखाली गेली त्यांना त्याबद्दल बोल लावणे कोणाही अभ्यासकाला शोभणार नाही.

योगायोग असा की त्याच १९९३ साली केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याने वनरक्षणाच्या हेतूने आपल्या इमारतींत लाकडाचा वापर बंद केला. १९९६ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन प्रकरणी वृक्षतोडीवर कडक निर्बंध घातले. खात्याची बंदी २०२० साली उठली. मधल्या काळात युरोपात व अमेरिकेत फळ्यांचे आडवे-उभे थर चिकटवून केलेल्या लाकडाच्या उंच इमारती उभ्या राहिल्या. नॉर्वेतील म्योसतोर्नेत ही २०१९ सालची इमारत ८५ मीटरांहून उंच आहे. वाळलेल्या लाकडाच्या वजनाचा सुमारे अर्धा भाग कार्बन असतो आणि इमारत उभी आहे तोवर तो हवेत जात नाही, ही त्यामागील एक प्रमुख भूमिका. ती शास्त्रीय दृष्ट्या बरोबर आहे. पण तेथेही तोडलेल्या रानाच्या जागी रान उगवते की नाही, ह्यावर सारा हिशेब अवलंबून राहतो.

पुण्याच्या पेठांतील वाडे आता झपाट्याने पाडले जात आहेत. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने गोठलेली भाडी, वारसांची संख्या, आणि जमिनीची किंमत ही कारणे सर्वश्रुत आहेत. वाडा पाडला म्हणजे त्याचे सागवान जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याकडे जाते व तेथून टेबले, दारे, उपाहारगृहांची सजावट होऊन बाहेर पडते. लाकूड वाया जात नाही हे खरे, परंतु पुरावा वाया जातो. उष्ण कटिबंधातील फार थोड्या वृक्षांत वर्षागणिक स्पष्ट कडी उमटतात, आणि साग त्यांपैकी एक आहे. पुण्यातील उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने सागाच्या कड्यांवरून पूर्वीच्या पर्जन्यमानाचा अभ्यास केलेला आहे. वाड्याच्या तुळईचा आडवा छेद जपून ठेवला, तर झाड कोणत्या काळात वाढले ह्याचा तपास करता येईल. बाहेरचा रसकाठाचा भाग शिल्लक असल्यास ते केव्हा तोडले हेही कळू शकेल. तुळईची जाडी, दोन तुळयांमधील अंतर, कड्यांची संख्या, मातीच्या थराची जाडी आणि लाकडाची जात, एवढ्या पाच गोष्टी प्रत्येक पडणाऱ्या घरातून टिपून ठेवल्या, आणि त्या घराच्या वाटणीपत्रातील खणांशी ताडून पाहिल्या, तर खण केव्हा रुंद झाला, कोठे लहानच राहिला आणि कोठे नाहीसा झाला, हे गाववार व दशकवार मांडता येईल. हे काम मोजपट्टी, वही आणि घरमालकाची परवानगी एवढ्यावर होण्यासारखे आहे. पाडकामाचा मुकादम दोन दिवस थांबावयास तयार असेल तर एका वाड्याला तेवढे दिवस पुरतात.